बांबूचे विमान

बांबू मांडवाला लागतो, शिडीला लागतो, शेवटी तिरडीलाही लागतो. पण बांबूचे विमान? ब्राझीलमधल्या एका कॉफीमळेवाल्याच्या मुलाने, सांतोस-द्युमाँने, ते १९०७ साली पॅरिसला केले. नाव ‘दमुआझेल’, म्हणजे कुमारिका; चतुरासारख्या एका किड्यालाही फ्रेंच लोक हेच म्हणतात.

पंखांना कापड, मागचा सांगाडा मात्र उघडाच. १९०९ च्या सुधारलेल्या विमानात तीन लांब बांबू, मध्ये आडवे तुकडे, ताणलेल्या तारा, बस्स. वजन वाचले पाहिजे ना! इंजिन डोक्यावर आणि हा गडी खाली, दोन चाकांच्या मधोमध कापडी बैठकीवर. पंख पिळणाऱ्या तारांचा दांडा त्याच्या कोटाच्या पाठीत अडकवलेला. विमान एका अंगाला कलले की आपण दुसऱ्या अंगाला झुकायचे. बैलगाडी कलली की आपणही तेच करतो.

मला खरे अप्रूप पुढच्या गोष्टीचे. त्याने पेटंट घेतले नाही, नकाशे सर्वांना खुले केले. आपल्याकडे चांगल्या वाणाचे मूठभर बी देताना शेजाऱ्याचा हात आखडतो, हो की नाही? १९१० साली अमेरिकेतल्या ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ मासिकाने ते नकाशे छापले. त्याच वर्षी आजारपणामुळे त्याचे स्वतःचे उडणे थांबले. त्याच्या आराखड्यावरून विमाने मात्र दुसरे बांधत राहिले.