मेनूचा पडदा आणि ग्राफिक्स कार्डाचा ताप

संगणकावरील खेळ सुरू केल्यानंतर प्रथम समोर येतो तो मेनूचा पडदा. तेथे ना लढाई असते, ना धावती दृश्ये. अशा वेळी यंत्रालाही विश्रांती मिळत असावी, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अनेक खेळांत ग्राफिक्स कार्ड याच वेळी सर्वाधिक श्रम करीत असते. गेल्या दीड दशकात या प्रश्नाने किमान दोनदा जगभरातील खेळाडूंचे लक्ष वेधले. दुर्ग-भिलाईपासून चंद्रपूर-नागपूरपर्यंतच्या उष्ण पट्ट्यात तर त्याला अधिक महत्त्व आहे.

याचे कारण समजण्यास सोपे आहे. ग्राफिक्स कार्ड दर सेकंदाला जितकी चित्रे तयार करते, त्याला फ्रेम रेट म्हणतात. साधारण मॉनिटर सेकंदाला ६० चित्रे दाखवतो. खेळातील गुंतागुंतीचे दृश्य रेखाटण्यास कार्डाला वेळ लागतो. मेनूतील साधे चित्र मात्र एका मिलिसेकंदातही तयार होऊ शकते. खेळाच्या निर्मात्याने कमाल मर्यादा घातलेली नसेल, तर कार्ड सेकंदाला हजार चित्रे काढत राहते. त्यातील सुमारे ९४० चित्रे पूर्ण स्वरूपात पडद्यावर कधीच दिसत नाहीत. वीज मात्र सर्वांसाठी खर्च होते आणि तिची अखेर उष्णतेत होते.

जुलै २०१० मध्ये ब्लिझार्ड कंपनीचा 'स्टारक्राफ्ट २' हा खेळ बाजारात आला, तेव्हा हा प्रश्न प्रथम मोठ्या प्रमाणावर चर्चेत आला. कमी तपशिलाच्या पडद्यांवर अपुऱ्या शीतकरणाचे संगणक अतितप्त होऊ शकतात, हे कंपनीने मान्य केले आणि खेळाच्या एका फाइलमध्ये दोन ओळी भरून फ्रेम रेटला मर्यादा घालण्याचा उपाय सुचविला.

दुसरा प्रसंग जुलै २०२१ मधील. अ‍ॅमेझॉन गेम्सच्या 'न्यू वर्ल्ड' या खेळाच्या चाचणी आवृत्तीदरम्यान एनव्हीडियाच्या आरटीएक्स ३०९० श्रेणीतील काही कार्डे निकामी झाल्याच्या तक्रारी आल्या. हे कार्ड सप्टेंबर २०२० मध्ये १,४९९ डॉलर या मूळ किमतीस विक्रीस आले होते. खेळ सुरक्षित असल्याचे सांगतानाच अ‍ॅमेझॉनने मेनूतील फ्रेम रेटला मर्यादा घालणारी सुधारणा तातडीने उपलब्ध करून दिली. ईव्हीजीए या कार्ड उत्पादक कंपनीने परत आलेल्या सुमारे दोन डझन कार्डांची क्ष-किरण तपासणी केली. मॉस्फेट या वीजनियंत्रक भागांभोवतीचे सोल्डरिंग सदोष असल्याचे कारण कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये दिले. अशी कार्डे एकूण विक्रीच्या एक टक्क्याहून कमी असल्याचेही तिने सांगितले आणि ती बदलून दिली.

या दोन घटनांतून जबाबदारीची विभागणी स्पष्ट होते. निर्दोष कार्ड केवळ मेनूमुळे जळत नाही. मुख्य चिपच्या तापमानावर यंत्रणेची देखरेख असते आणि मर्यादा येताच चिप आपला वेग कमी करते. परंतु निर्मितीतील दोष, साचलेली धूळ किंवा थकलेला पंखा असेल, तर अमर्याद फ्रेम रेटचा ताण तो दुबळेपणा उघड करतो. दोष कार्डाचा असला, तरी अनावश्यक ताण टाळण्याचे कर्तव्य खेळ तयार करणाऱ्यास चुकत नाही.

हवामानाचा विचार येथे आवश्यक ठरतो. पंखा कार्डाला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत जे कार्ड सुखाने चालते, तेच दुर्गमध्ये मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत सुमारे १५ अंशांनी अधिक तापते किंवा पंखा पूर्ण वेगाने फिरवते. धुळीची त्यात भर पडते. पोलादाच्या भट्ट्यांवर उभ्या राहिलेल्या भिलाईला उष्णता आवरण्याचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. वीजबिलाचा हिशेबही लक्षात घ्यावा लागेल. ३५० वॅट क्षमतेचे कार्ड पूर्ण भाराने तीन तास चालले, तर एक युनिटहून थोडी अधिक वीज खर्ची पडते, मग पडद्यावर केवळ मेनू का असेना.

कार्ड बिघडल्यास लहान शहरातील ग्राहकाची कुचंबणा होण्याची शक्यता असते. खेळाची कंपनी कार्डाकडे बोट दाखवते, कार्डविक्रेता वापराकडे. अशा वेळी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उपयोगी पडतो. सदोष वस्तू बदलून देण्याचा अथवा पैसे परत करण्याचा आदेश जिल्हा आयोग देऊ शकतो. विक्रेता दिल्ली-मुंबईचा असला, तरी ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे दुर्गमध्येच, तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूंना हे संरक्षण नसले, तरी केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका चालविण्यासाठी गेमिंग कॅफे थाटणारा तरुण त्यास पात्र ठरू शकतो. मात्र त्यासाठी पावती आणि हमीपत्र जपून ठेवणे अगत्याचे आहे.

प्रतिबंधाचा उपाय तर विनामूल्य आहे. खेळातील व्ही-सिंक सुरू केल्यास फ्रेम रेट मॉनिटरच्या वेगाशी बांधला जातो. एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये २०१५ पासून आणि एनव्हीडियाच्या ड्रायव्हरमध्ये जानेवारी २०२० पासून कमाल फ्रेम रेट ठरविण्याची सोय आहे. परंतु ही सोय शोधून काढण्याचा भार प्रत्येक खेळाडूवर टाकणे न्याय्य नव्हे. मेनूला ६० फ्रेमची मर्यादा घालणे हे निर्मात्यांसाठी अत्यल्प खर्चाचे काम आहे. २०१० मध्ये माहीत झालेला उपाय २०२१ मध्ये तातडीची सुधारणा म्हणून करावा लागला, हीच या प्रकरणातील खरी चिंतेची बाब आहे.