पेटीपेक्षा भिंगाला पैसा

छायाचित्रणाचा नाद मोठा आणि मासिक प्राप्ती बेताची, अशा मनुष्याच्या आयुष्यात एक दिवस असा उगवतो की, हप्त्याहप्त्याने घेतलेला कॅमेरा, त्याच्याबरोबर खोक्यातून आलेली किट लेन्स आणि त्या दोहोंच्या बळावर टिपलेली हजारो चित्रे यांचा ताळेबंद त्याच्या मनाशी अकस्मात लागतो, व आपणांस जे चित्र हवे होते ते यांतल्या एकातही उतरलेले नाही, हे त्यास कळून चुकते. अशा वेळी बाजार सांगतो की नवा कॅमेरा घ्या, आणि घरची वडीलधारी माणसे सांगतात की हा खर्चिक छंद आता आवरता घ्या. माझे मत या दोघांहूनही निराळे आहे. असलेली पेटी तशीच ठेवावी, गाठीला बांधलेली रक्कम एका उत्तम भिंगावर खर्चावी, आणि ती रक्कम कर्जाची नसून काटकसरीची असावी.

कॅमेऱ्याची पेटी दोन-तीन वर्षांत जुनी ठरते, कारण तिच्यातील विद्युत्-यंत्रणेची नवी आवृत्ती निघाली की आधीच्या आवृत्तीचा भाव कोसळतो. उलट भिंगाचे शास्त्र मंद गतीने पुढे सरकते. हल्ली ज्या पन्नास एमएम लेन्सला नवशिके आपले पहिले खरे भिंग म्हणून पसंत करतात, तिच्या रचनेचे मूळ जर्मनीतील त्साइस कारखान्यात पॉल रूडॉल्फ या शास्त्रज्ञाने १८९६ साली सिद्ध केलेल्या ‘प्लानार’ भिंगापर्यंत जाते. त्या भिंगात सहा काचा चार गटांत बसविल्या होत्या. तथापि हवा आणि काच यांच्या सीमेवरील प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परतवून लावीत असल्यामुळे अशा आठ पृष्ठभागांतून जाता जाता एक चतुर्थांशाहून अधिक प्रकाश वाया जाई, आणि परतलेला प्रकाश आतल्या आत भटकून चित्रावर धुकट पडदा पसरी. १९३५ साली त्याच कारखान्यात काचेवर अतिसूक्ष्म लेप देण्याची युक्ती निघाली, तेव्हा कोठे या रचनेचे भाग्य उजळले. आज कॅननची ५० एमएम एफ १.८ ही सहा काचांची लेन्स नवीकोरी घेतली तरी दहा हजार रुपयांच्या आसपास मिळते, आणि त्याच नाभीय अंतराची एफ १.२ लेन्स एक लाखाच्या पलीकडे जाते. या दोहोंत फरक नाही असे मी म्हणणार नाही. पण किट लेन्सवरून एफ १.८ वर येणाऱ्यास जो पालट अनुभवास येतो, तो एफ १.८ वरून एफ १.२ वर जाणाऱ्यास येत नाही, एवढे खात्रीने म्हणता येईल.

हा पालट कोणता, ते पाहावयाचे असल्यास रत्नागिरी तालुक्यातील एखाद्या गावी शिमग्याच्या रात्री जावे. ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या ओट्यावर, आलेली असते, ढोल वाजत असतात, नमन-खेळ्यांचा फड रंगलेला असतो, आणि काळ्या वेषातला, उंच टोकदार टोपीचा संकासूर कमरेच्या घुंगरांचा नाद करीत प्रेक्षकांत शिरून पोरांना पळता भुई थोडी करीत असतो. आणि या साऱ्या वैभवावर प्रकाश म्हणाल तर बांबूला टांगलेल्या दोन ट्यूबलाइटचा! किट लेन्स पन्नास एमएमच्या सुमारास एफ ५.६ पेक्षा अधिक उघडत नाही (हा आकडा जितका लहान, तितके भिंग अधिक उघडते). तेवढ्या उजेडात शटर सेकंदाच्या विसाव्या भागापर्यंत मंदावते आणि संकासुराच्या जागी एक काळा फराटा उमटतो. फ्लॅश मारावा, तर हवेत उडालेला गुलाल त्या झोतात पांढऱ्या ठिपक्यांसारखा चमकून चित्र नासवतो, शिवाय खेळे चिडतात ते निराळेच. एफ १.८ वर मात्र जवळजवळ दसपट प्रकाश आत येतो, शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागाच्या घरात जाते, आणि वर उसळलेले घुंगरू हवेतल्या हवेत थांबते. डोळ्यांवर फोकस साधला तर मागची दाटी विरघळून निव्वळ रंगांचे डाग उरतात. तो किंचित चुकला तर कान तेवढे रेखीव आणि डोळे धूसर, अशी फजिती होते. हे भिंग उदार आहे, पण बेफिकिरी खपवून घेत नाही.

माझी लेन्स मी मुंबईच्या बोरा बाजारातून, वापरलेली अशीच घेतली. फोर्टमधील त्या अरुंद गल्लीत काउंटरवर ती ठेवून दुकानदार म्हणाला, “साहेब, नीट बघून घ्या, नंतर तक्रार नको.” तेव्हा मोबाइलची विजेरी मागच्या काचेतून आरपार टाकून बुरशीचे कोळिष्टकासारखे तंतू कोठे दिसतात का ते न्याहाळले, फोकसची कडी टोकापासून टोकापर्यंत फिरवून वाळूची करकर ऐकू येते का ते तपासले, मागचे सोनेरी विद्युत्-संपर्क स्वच्छ आहेत याची खात्री केली, आणि मगच रोकड मोजली. कोकणकन्या एक्सप्रेसने रत्नागिरीस परतताना डबा निजला असता, वरच्या बर्थखालच्या निळ्या रात्रदिव्यात पहिले चित्र टिपले, ते समोरच्या आसनाखाली ठेवलेल्या चपलांचे. चित्रात कलेचा अंश नव्हता. पण चपलेच्या पट्ट्याची शिवण मोजता येत होती, आणि तेवढ्यानेच झोप उडाली.

हा आनंद वस्तूच्या मालकीचा नव्हे, असे कोणी म्हणेल, तर तो ढोंग करतो असे मी समजेन. मालकीचाही आनंद असतो. महिनोन् महिने चहापाण्याला कात्री लावून, दिवाळीची कापडखरेदी पुढे ढकलून घेतलेली वस्तू हातात तोलण्यात एक निखळ समाधान आहे व त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. मात्र त्याहून मोठा लाभ असा की, सबबी सांगण्याची सोय संपते. साधन हलके होते तोवर चित्र का फसले याचे उत्तर तयार असे. आता ते आपल्याच नजरेत शोधावे लागते.

अर्थात् एकच भिंग सर्वत्र चालत नाही. बहुतेक हौशी कॅमेऱ्यांत सेन्सर लहान असल्यामुळे पन्नास एमएमची दृष्टी पंचाहत्तर-ऐंशी एमएमइतकी अरुंद होते, आणि आमच्या जुन्या घरांच्या माजघरात भिंतीला पाठ टेकूनही सारे कुटुंब चौकटीत मावत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील कातळशिल्पे तर, जी २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, या लेन्सला दादच देत नाहीत. कशेळीच्या सड्यावरील भव्य हत्ती टिपण्यास हवे ते तिरपे ऊन, कारण जांभ्यातील उथळ रेघा सकाळ-संध्याकाळच्या सावलीनेच उठून दिसतात. तेथे जुनी किट लेन्सच एफ ८ वर ठेवून पुरते.

कर्ज काढू नये, या माझ्या उपदेशास एक मोठा अपवाद आहे, तो लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. दादासाहेब फाळके यांनी आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडन गाठले आणि तेथून पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा आणला. पण पुढचे भांडवल उभारण्यासाठी त्यांनी सावकारापुढे ठेवले ते कॅमेऱ्याचे कौतुक नव्हे, तर रोप कसे उगवते याची स्वतः टिपलेली छोटी फिल्म! आधी काम दाखविले, मग रक्कम मिळविली. ज्यांच्याजवळ दाखविण्यास अशी फिल्म असेल, त्यांनी खुशाल कर्ज काढावे.

घेतलेले भिंग राखणे ही रत्नागिरीत स्वतंत्र जबाबदारी आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, त्यात खारा वारा. जून ते सप्टेंबर लाकडी कपाटात, चामड्याच्या पिशवीत ठेवलेली लेन्स ऑक्टोबरात बुरशीसह बाहेर येते, आणि ही बुरशी काचेवरील तो लेप कायमचा खाते. हवाबंद प्लास्टिकचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आठवड्यातून एकदा उजेडात हाताळणे, इतके केले तरी पुष्कळ होते.

याच कारणास्तव एक विनंती करतो. फिल्मच्या काळात स्टुडिओ चालविलेल्या, किंवा हौसेने कॅमेरा बाळगलेल्या अनेक घरांत जुनी भिंगे आजही कपाटात पडून आहेत. त्यांतली बरीचशी अॅडॅप्टर लावून नव्या मिररलेस कॅमेऱ्यांवर चालतात. फोकस तेवढा हाताने करावा लागतो. ज्यांच्याकडे अशी भिंगे असतील त्यांनी ती येत्या पावसाळ्यापूर्वी बाहेर काढावीत, विजेरी टाकून पाहावीत, आणि स्वच्छ असतील तर गावातल्या एखाद्या होतकरू मुलास वा मुलीस वाजवी किमतीत देऊन टाकावीत.