गार्डला तार बांधू नका!

गॅदरिंग जवळ आलं की होस्टेलमागे रात्री प्लायवूड कापणं सुरू होतं. सर्क्युलर सॉच्या खालच्या गार्डला तार बांधून तो कायमचा उघडा ठेवायचा, ही आपली लाडकी पद्धत. का? तर "मध्ये येतो यार!" अहो, मध्ये येण्यासाठीच तो आहे!

साधं गणित करू. १८५ मिमी ब्लेड, ५००० आरपीएम, म्हणजे दातांचा वेग सेकंदाला सुमारे ४८ मीटर. ताशी १७० किमीच्या वर! स्विच सोडल्यावरही ब्लेड थोडा वेळ फिरतच राहतं. गार्ड उघडा असेल तर मशीन खाली घेताना मांडी सापडते. शिवाय फळी वाकली की काप मिटतो, ब्लेड अडकतं आणि मशीन उसळून अंगावर येतं. म्हणून कापाच्या दोन्ही बाजूंना आधार द्या, ब्लेड फळीखाली जेमतेम ५ मिमी येऊ द्या, कापाच्या रेषेत उभे राहू नका. ब्लेड बदलताना आधी प्लग काढा.

माझं स्पष्ट मत आहे : तार बांधलेलं मशीन वर्कशॉपमधून कुणालाच मिळू नये, मग मागणारा जी.एस. का असेना. स्टेज एक दिवस उशिरा उभं राहिलं तर काही बिघडत नाही. बोटांचे स्पेअर पार्ट मात्र कुठेच मिळत नाहीत.