नागपूरचा मतदार कोणाच्या दप्तरी?

अमेरिकेतील अनेक राज्यांत मतदार आपल्या नावापुढे पक्षाची नोंद करून ठेवतो. तेथील दोन छावण्यांमधील दरी आता घराघरांत पोहोचली आहे. नागपूरचा मतदार मात्र कोणाच्याच दप्तरी नाही. संघाचे मुख्यालय येथे, तरी १९७७ च्या जनता लाटेतही हे शहर काँग्रेसबरोबर राहिले. बनवारीलाल पुरोहित १९८४ व १९८९ मध्ये काँग्रेसचे खासदार, १९९६ मध्ये तेच भाजपचे! त्यानंतर १९९८ पासून सलग चार वेळा काँग्रेसचे विलास मुत्तेमवार. २०१४ पासून तीनदा नितीन गडकरी विजयी झाले, हे खरे. पण कार्यकर्त्यांनी निश्चिंत राहावे असे मताधिक्याचे आकडे सांगत नाहीत. २०१४ मध्ये सुमारे २ लाख ८४ हजार, २०१९ मध्ये २ लाख १६ हजार आणि २०२४ मध्ये १ लाख ३७ हजार.