गुंठ्याचा भाव आणि पाण्याची वाट

गेल्या महिन्यात साताऱ्याचे एक स्नेही घरी आले. नोकरीची शेवटची आठ वर्षे त्यांनी सांगलीत भाड्याच्या घरात काढली. पुढील वर्षी निवृत्ती आहे. मुलगा पुण्यात, सोबत वृद्ध मातोश्री. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती येईल तेव्हा स्वतःचे घर करावे, ही पतिपत्नींची इच्छा. त्यांच्या पिशवीत दोन कागद होते. एक शामरावनगरच्या बाजूच्या दीड गुंठा जागेचा, दुसरा विश्रामबागेतील जुन्या इमारतीमधील दोन खोल्यांच्या सदनिकेचा. जागा घेऊन वर लहानसे घर बांधले तरी खर्च सदनिकेएवढाच येणार होता. "तुम्ही इतकी वर्षे इथे बातमीदारी केलीत. आता सांगा, अंगणाचे घर घेऊ की खुराडे?" त्यांनी विचारले. वहिनींचे मन अंगणाकडे होते, हे न सांगताही कळत होते.

हा प्रश्न आज घरोघरी आहे. शहरे वाढत आहेत, गावातले वाडे पडत आहेत आणि मध्यमवर्गीय माणूस आयुष्याची पुंजी घेऊन शहराच्या कडेला जागा शोधत हिंडतो आहे. त्याला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. "आता घ्या, पाच वर्षांत दुप्पट होईल," हे वाक्य त्याने किमान दहा जणांच्या तोंडून ऐकलेले असते. त्या दहांपैकी किती जण त्या वसाहतीत स्वतः राहतात, एवढे मात्र तो विचारीत नाही.

सांगलीची गोष्ट इतर शहरांहून थोडी उलटी आहे. अन्यत्र जुने गाव सुरक्षित आणि उपनगर बेभरवशाचे असे मानतात. इथे जुने गावच कृष्णेच्या काठी वसलेले. आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि पेठांतील दुकाने, घरांचे खालचे मजले पाण्याखाली गेले. २००५ चा पूर पाहिलेल्यांना वाटले होते की असे आयुष्यात पुन्हा दिसणार नाही. ते चौदा वर्षांनी दिसले, आणि पुढे दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा गाठोडी बांधावी लागली. म्हणून गावभाग सोडून मिरज रस्त्याने विश्रामबागेच्या उंच जमिनीकडे जे सरकले, त्यांना कोणी हौशी म्हणू नये.

परंतु 'बाहेर जाणे' म्हणजे सर्व दिशांना सारखेच बाहेर जाणे नव्हे. शामरावनगर हाही विस्तारित भागच. तो सखल आहे. नदीला पूर नसतानाही नुसत्या जोराच्या पावसाने तिथे पाणी तुंबते आणि निचरा न झाल्याने दिवसेंदिवस हलत नाही. पूर्वी ही काळ्या मातीची शेते होती. पावसाचे पाणी त्यांत साचे, हळूहळू ओढ्यांनी वाहून जाई. आपण त्या शेतांचे गुंठे पाडले, ओढ्यांवर भराव टाकला आणि पाणी आपली जुनी वाट शोधीत आपल्या दारात आले, तेव्हा महापालिकेला दोष देऊ लागलो. महापालिकेचा दोष आहेच. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड एकत्र करून ती स्थापन झाली, तेव्हापासून गटारीची वाट पाहत काही वसाहतींत एक पिढी वाढली. पण काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, तिच्यात घराचा पाया खोल, कठीण थरापर्यंत न्यावा लागतो, ही गोष्ट काही महापालिकेने लपवून ठेवली नव्हती. स्वस्त गुंठ्याचा उरलेला पैसा पुष्कळदा पायात आणि भरावात जातो.

गुंठेवारी हा शब्द सांगलीत लहान मुलालाही ठाऊक आहे. एकराचे चाळीस गुंठे, एक गुंठा १०८९ चौरस फूट. शेतकऱ्याने गरजेपोटी शेताचे तुकडे विकले आणि गरजूंनी ते घेतले. अशा तुकड्यांना १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आड येत असे, म्हणून व्यवहार मुद्रांकावरच्या साठेखतावर नाहीतर कुलमुखत्यारपत्रावर होत. सातबाराला नाव लागत नसे. रेखांकन मंजूर नाही, त्यामुळे रस्ता किती रुंद हे विकणाऱ्याच्या दानतीवर, आणि मुलांच्या खेळासाठी मोकळी जागा नावालाही नाही. २००१ साली राज्याने गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. प्रारंभी १ जानेवारी २००१ पूर्वीच्या बांधकामांपुरता असलेला हा कायदा २०२१ च्या दुरुस्तीने २०२० च्या अखेरपर्यंतच्या बांधकामांना लागू झाला. हे योग्यच झाले. तथापि प्रमाणपत्राने घर कायदेशीर होते, जमिनीची उंची वाढत नाही.

स्नेह्यांच्या हातात त्या जागेच्या शेजाऱ्याची घरपट्टीची पावती आणि वीजबिल होते. "बघा, पालिका कर घेते, वीज मंडळ मीटर देते, म्हणजे सगळे रीतसर आहे." इथे भले भले सुशिक्षित फसतात. घरपट्टी भरली म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही. कर आकारणी वेगळी आणि बांधकाम परवाना वेगळा. बिनशेतीचा आदेश, मंजूर रेखांकन, फेरफाराची नोंद आणि बांधलेल्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र, हे कागद पाहावेत. ५०० चौरस मीटरहून मोठा आणि आठाहून अधिक सदनिकांचा नवा प्रकल्प असेल तर महारेराची नोंदणी पाहावी. २०१७ पासून ती सोय आपल्या हाती आहे. आणि सांगलीत याखेरीज एक नकाशा पाहावाच लागतो, तो पूररेषेचा. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. सोन्याचा दागिना दहा ठिकाणी कस लावून घेणारी आपली माणसे घर घेताना हा नकाशा मागतही नाहीत.

"मग साताराच बरा, तिथे पूर नाही," असे वहिनी म्हणाल्या. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या साताऱ्याला सांगलीसारखा पूर नाही, हे खरे. पण शाहूनगर, विलासपूर या बाजूला कित्येक वर्षे जो भाग 'त्रिशंकू' म्हणून ओळखला गेला, तिथे घर करणाऱ्यांना विचारावे. धड नगरपालिका नाही, धड ग्रामपंचायत नाही. नळासाठी अर्ज कोणाकडे करायचा हाच प्रश्न. २०२० साली सातारची हद्दवाढ झाली आणि तो भाग, तसेच शाहूपुरी, शहरात आले. हद्द एका अधिसूचनेने सरकते, जलवाहिनी मात्र खोदाई केल्याशिवाय सरकत नाही. शिवाय डोंगरउताराचे रस्ते चाळिशीत रमणीय वाटतात. पंचाहत्तरीच्या मातोश्रींना दवाखान्यात न्यायचे असेल तर रात्री दहाला रिक्षा वर येते का, हे आधी पाहावे.

एक गोष्ट मला अधिक बोचते. गुंठेवारीत जे आधी गेले, ते मार्केट यार्डातले हमाल, गाडीवान, कुपवाडच्या कारखान्यांतले कामगार. त्यांच्यापुढे निवड नव्हती. गुडघाभर पाण्यातून त्यांची मुले शाळेत गेली आणि त्यांनी मोर्चे काढून एकेक दिवा, एकेक नळ मिळविला. त्यांना गटार आणि रस्ता देणे हे शासनाचे कर्तव्यच आहे, त्यांना बेकायदेशीर म्हणून हिणवणे कृतघ्नपणा. परंतु ज्यांच्यापुढे निवड आहे, त्यांनी भाव कमी म्हणून तिथे नवा तुकडा घेणे ही निराळी गोष्ट. आपल्या मागणीमुळेच आणखी एक शेत तुटते, आणखी एक ओढा बुजतो आणि त्याचे पाणी त्या आधीच्या शेजाऱ्याच्या घरात शिरते. अंगण आपले, चिखल त्याचा. सज्जन माणसाने या हिशेबाकडे डोळेझाक करू नये.

म्हणून मी त्यांना स्पष्ट सांगितले, हा गुंठा घेऊ नका. सदनिकेचीही घाई नको. इमारत जुनी आहे, सोसायटीच्या नावे जमिनीचे हस्तांतरण झाले की नाही ते तिच्या दप्तरात पाहा आणि जिन्याने मातोश्रींना एकदा वर नेऊन आणा. एवढे सारे करून अंगणाचाच हट्ट असेल, तर मंजूर रेखांकनातला, उंच भागातला लहान भूखंड शोधा, मग तो दोन किलोमीटर लांब का असेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे ती जागा पाहायला गेलो. उन्हे लख्ख होती, जागा सुरेख दिसत होती. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात वहिनींनी सहज विचारले, "इथे पाणी येते का हो?" दुकानदाराला वाटले, नळाचे विचारीत आहेत. "एक दिवसाआड येते," तो म्हणाला. मग त्याच्या ध्यानात आले. तो बाहेर आला आणि शटरच्या बाजूच्या भिंतीवर, माझ्या छातीइतक्या उंचीवर, पुसट झालेली मातकट रेघ त्याने बोटाने दाखविली.

वहिनींनी ती रेघ बराच वेळ पाहिली. स्नेह्यांनी कागद पिशवीत घातले. सध्या त्यांनी भाड्याच्या घराचा करार आणखी अकरा महिन्यांनी वाढविला आहे. येता पावसाळा संपला की दोघे पुन्हा जागा पाहायला निघणार आहेत.