दुर्मिळतेचे मोल आणि करांचे माप

इंग्लंडमधील गुडवुड येथील रोल्स-रॉईस कंपनीने मे २०२१ मध्ये ‘बोट टेल’ ही उघडी मोटार जगापुढे ठेवली. सुमारे ५.८ मीटर लांबीच्या या मोटारीची पाठ नावेप्रमाणे निमुळती होत जाते. कळ दाबताच पाठीवरील दोन लाकडी झडपा पंखांसारख्या उघडतात आणि आतून टेबले, छत्री व मद्य सहा अंशांपर्यंत गार करणारी शीतपेटी प्रकट होते. तिच्यासाठी १,८१३ नवे सुटे भाग घडविण्यात आले, काम चार वर्षे चालले आणि मोटारी ठरल्या अवघ्या तीन!

या रचनेचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. छत काढून निघालेल्या या मोटारीला वाटेत पाऊस लागला, तर उभ्या गाडीवर पसरण्यापुरते तात्पुरते आच्छादन तेवढे सोबत असते. सारा मेजवानीचा सरंजामही गाडी थांबल्यावरच कामास येतो. मग हिचे आकर्षण कशात? बंद मोटारीत मालक झाकला जातो, उघड्या मोटारीत तो दिसतो. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्येच प्रदर्शनार्थ उपभोगाची मीमांसा केली होती. अशा वस्तूंची महागाई हा त्यांचा दोष नसून गुण ठरतो.

कंपनीला हे पुरते उमगलेले आहे. २०२४ मध्ये तिने जगभरात ५,७१२ मोटारी विकल्या. जानेवारी २०२५ मध्ये तिने ३० कोटी पौंडांहून अधिक खर्चाचा कारखानाविस्तार जाहीर केला, तो प्रामुख्याने संख्या वाढविण्यासाठी नव्हे, तर ग्राहकागणिक वेगळी मोटार घडविण्यासाठी. भांडवल वाढले की उत्पादन वाढते, असे आपण वर्गात शिकवितो. येथे भांडवल दुर्मिळता वाढविण्यासाठी गुंतविले जात आहे.

यातून कुशल कारागिरांना काम मिळते, हे कोणीही नाकारणार नाही. लाकूड, चामडे आणि धातू यांवरील त्यांची हुकमत आदरास पात्र आहे. प्रश्न आहे तो करांचा. जुलै २०२५ मध्ये झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात ब्रिटिश मोटारींवरील शंभर टक्क्यांहून अधिक असलेले आयातशुल्क, ठरावीक संख्येपुरते, टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणण्याचे मान्य झाले. देवाणघेवाणीत अशा सवलती द्याव्या लागतात, हे खरे. परंतु जी वस्तू महाग असल्यामुळेच हवीशी वाटते, तिच्यावरील कर उतरवून ग्राहकाच्या समाधानात कोणती भर पडणार? साबण-काडेपेटीवरील कर गरिबाच्या घासातून जातो. वैभवाच्या प्रदर्शनावरील कराने कोणाचीही चूल विझत नाही.

म्हणून पुढील करारांत अशा वस्तूंना सवलत देण्यापूर्वी तिच्या बदल्यात आपल्या पदरात नेमके काय पडते, याचा हिशेब सरकारने मांडावा. ही मागणी मत्सराची नाही, अर्थशास्त्राच्या साध्या न्यायाची आहे.