डॉक्टर, एक मिनिट!

वीकएंडला नागपूरहून वर्ध्याकडे बाइक काढली, की वाटेत केळझर लागतं. टेकडीवरच्या गणपतीला नमस्कार करून बहुतेक जण पुढे सटकतात. पण या गावाची एक भारी गोष्ट आहे. महाभारतातली एकचक्रनगरी ती हीच, असं इथली मंडळी मानतात. बकासुराला गाडाभर अन्न आणि सोबत एक माणूस पाठवायचा. ज्याची पाळी, तो मुकाट निघायचा. पाहुणी आलेल्या कुंतीने 'काय झालं?' असं विचारलं, तेव्हा कुठे ते चक्र थांबलं.

डॉक्टर काही बकासुर नव्हेत, प्लीज! पण त्यांच्या केबिनमध्ये आपणही असेच मुकाट होतो. मोबाइल घेताना दुकानदाराला दहा प्रश्न विचारणारे आपण, 'इथे सही करा' म्हटलं की न वाचता पेन उघडतो.

ती सही किती मोठी असते? १९९५ मध्ये दिल्लीत ४४ वर्षांची एक महिला फक्त दुर्बिणीच्या तपासणीला तयार झाली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि अंडाशयं काढली गेली. ती कोर्टात गेली. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की तपासणीला होकार म्हणजे ऑपरेशनला होकार नव्हे. जिवाला धोका नसेल, तर पेशंट शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं. सज्ञान पेशंटच्या वतीने आईचाही होकार चालत नाही!

आणि हे फक्त दिल्लीत घडतं असं नाही. २०१९ मध्ये बीडमध्ये ८२ हजारांवर ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कॅन्सरची भीती दाखवली होती, असं अनेकींनी सांगितलं.

महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी हॉस्पिटलांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. वेटिंगमध्ये बसल्या बसल्या ती वाचा. मग आत जाऊन बिनधास्त विचारा: मला नेमकं काय झालंय? हे आजच करायला हवं का? दुसरा उपाय आहे? धोका किती, खर्च किती? सेकंड ओपिनियन घेणं आणि रिपोर्टच्या कॉप्या मागणं हाही तुमचा हक्क आहे. चांगला डॉक्टर यावर चिडत नाही.

आवाज चढवायची गरज नाही. 'डॉक्टर, एक मिनिट, समजावून सांगता?' एवढं पुरतं. पेन त्यानंतर उघडा.